साडेबारा टक्क्यांची टेकडी

सन १३३३ : चुना

पाठीवरची टोपली खाली ठेवू नका, मुकादम बघतोय. टोपलीत चुना आहे, पायवाट खड्या चढणीची आहे आणि उत्तरेकडून मिस्त्राल सुटलाय. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून हा वारा असा सुसाट खाली येतो की त्याच्याकडे तोंड करून बोललात तर शब्द घशातच परततात. चुन्याची पूड डोळ्यांत गेली आहे, दातांत कचकचते आहे. वर माथ्यावर पोपचा किल्ला उभा राहतोय. सोळा वर्षं काम चाललंय, आता शेवटचा हात फिरवायचा तेवढा बाकी आहे.

पोप रोमला असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. या काळात तो तिथे नाही. १३०९ मध्ये पाचवा क्लेमेंट आव्हिन्योंला येऊन राहिला आणि पोपचा दरबार इथेच रुजला. आताचा पोप बाविसावा जॉन. निवडून आला तेव्हाच सत्तरी ओलांडलेला, आता नव्वदीला टेकलाय. त्याआधी तो आव्हिन्योंचा बिशप होता आणि ही टेकडी बिशपच्याच जहागिरीतली, त्यामुळे इथली माती त्याला नवी नाही. गावाचं नाव शातोनफ. ‘द्यु-पाप’, म्हणजे ‘पोपचं’, हे शेपूट कागदोपत्री जोडलं जायला अजून साडेपाचशे वर्षं आहेत.

टोपली रिकामी करून वळलात की खाली बघा. द्राक्षबाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मांडव येतो; तार, खांब, डोक्यावर लोंबणारे घड. इथे त्यातलं काही नाही. कमरेएवढी ठेंगणी झुडपं, एकमेकांपासून अंतर राखून उभी. बुंधा आखूड आणि वर पेल्यासारख्या फाकलेल्या चारपाच फांद्या. उंच वाढणाऱ्या वेलाला मिस्त्राल उभा राहू देत नाही. पण हाच वारा पाऊस पडून गेल्यावर घड सुकवून टाकतो, बुरशीला थारा देत नाही. त्याला शिव्या देत देतच लोक त्याच्या भरवशावर शेती करतात.

खाली जाताना तळपाय सांभाळा. जमीन दिसतच नाही. मुठीएवढे, काही तर डोक्याएवढे गुळगुळीत गोटे सगळीकडे पसरलेत. लाखो वर्षांपूर्वी ऱ्होनने आल्प्सकडून वाहून आणलेले हे गारगोटीचे दगड. त्यांच्या खाली लाल चिकणमाती. दिवसभर तापलेले गोटे रात्री ती ऊब वेलाला परत देतात. हात लावून बघा, सूर्य मावळून तास झाला तरी दगड कोमट आहे.

कुठली जात लावायची, एका झुडपावर किती घड ठेवायचे, हे इथे तुम्हाला कोणी विचारत नाही. चर्चचा दशमांश वेळेवर पोचला म्हणजे झालं. या टेकडीवर अजून नियम आलेला नाही, हुकूम तेवढा आहे. १३७७ मध्ये पोप रोमला परततील. किल्ला राहील, वेल राहतील, आणि नावाला चिकटलेला रुबाबही राहील. पुढे सगळं भांडण या रुबाबावरूनच होणार आहे.

जुलै १८६८ : कुदळ

आता हातात कुदळ घ्या. तुम्ही आव्हिन्योंच्या दक्षिणेला, साँ-रेमीजवळच्या एका बागेत आहात. मोंपेलियेहून तिघांची समिती आली आहे: वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमील प्लांशों, आणि त्याच्याबरोबर गास्तों बाझिल आणि फेलिक्स साहू. तुम्हाला खणायला सांगितलंय.

बागेच्या मधोमध वाळलेल्या वेलांचा गोल पट्टा पडलाय, कापडावर तेलाचा डाग पसरावा तसा. पहिल्या वर्षी पानं पिवळी, दुसऱ्या वर्षी घड खुरटे, तिसऱ्या वर्षी वेल सरपणाला. तुम्ही एक मेलेला वेल उपटता. मुळं काळी पडून कुजलेली आहेत, पण त्यांच्यावर काही नाही. दुसरा उपटता, तेच.

मग डागाच्या कडेचा, वरून हिरवागार दिसणारा वेल खणायला सांगतात. मूळ वर येतं. प्लांशों त्यावर भिंग धरतो आणि मग ते तुमच्या हाती देतो. बघा. मुळाच्या गाठींवर पिवळसर ठिपके आहेत, आणि ते ठिपके हलताहेत. मावा. एक नाही, शेकडो, सोंड मुळात खुपसून बसलेले. आजवर सगळे मेलेल्या वेलाखाली खुनी शोधत होते. तो तर जेवण संपल्यावर शेजारच्या जिवंत वेलाकडे निघून गेलेला असायचा.

याचं नाव फिलॉक्सेरा. शातोनफच्या बरोबर समोर, ऱ्होनच्या पलीकडच्या काठावर रोकमोर गाव आहे. तिथल्या एका वाइन व्यापाऱ्याने काही वर्षांपूर्वी हौसेने अमेरिकेतून द्राक्षवेल मागवून लावले होते, आणि त्याच परिसरात वेल मरायला सुरुवात झाली. कीड त्या मुळांबरोबर समुद्र ओलांडून आली होती. नदी ओलांडायला तिला कितीसा वेळ लागणार?

पुढच्या काही वर्षांत शातोनफच्या पठारावरच्या बागा आडव्या होतात. सरकार १८७४ मध्ये इलाजासाठी ३ लाख फ्रँकांचं बक्षीस लावतं. जमीन सपाट असेल तर हिवाळ्यात पाणी कोंडून कीड बुडवता येते; टेकडीवर पाणी कुठून कोंडणार? वाळूत कीड चालू शकत नाही, पण वाळूचे तुकडे सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाहीत. शेवटी उपाय सापडतो तो रोग जिथून आला तिथलाच: जमिनीखाली अमेरिकी जंगली वेलाचा खुंट, त्यावर फ्रेंच द्राक्षाची काडी बांधून केलेलं कलम. अमेरिकी मुळं या किडीबरोबरच वाढलेली असल्यामुळे तिला पुरून उरतात.

नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार इथे असता तर त्याला हे काम समजावून सांगावं लागलं नसतं. त्याच्या बागेतला डॉगरिज खुंटही मूळचा टेक्सासचा. तिथे तो दुष्काळ आणि खारं पाणी सोसायला लावतात, इथे माव्याला तोंड द्यायला.

सगळं नव्याने लावायचं म्हटल्यावर एक प्रश्न पहिल्यांदाच समोर येतो: लावायचं काय? ला नेर्थ या जुन्या इस्टेटीचे मालक कमांडंट द्युको एकाच जातीवर भिस्त न ठेवता अनेक जाती लावून बघतात. पण ज्यांची चूल विझलेली आहे ते भरघोस पीक देणारी जात निवडतात, आणि नदीकाठच्या काळ्या जमिनीत लावतात. तिथे घड लोंबतात, पण रस पाणीदार. त्यांना बोल लावता येत नाही.

१९२३ : दावं

सकाळी तुमच्या पिंपांवर खडूने खूण झाली आणि ती गाडीत चढली. चालली बर्गंडीकडे. तिथे पावसाळी सालात द्राक्ष नीट पिकत नाही, वाइन पातळ होते, मग तुमची दक्षिणेची उन्हाळी, दणकट वाइन तिच्यात मिसळतात. व्यापारी तिला ‘औषधाची वाइन’ म्हणतात. बाटलीवर नाव अर्थातच बर्गंडीचं लागतं.

उलटाही धंदा जोरात आहे. १८९३ मध्ये गावाने नाव बदलून शातोनफ-द्यु-पाप केलं. नाव विकलं जातं हे कळताच, या टेकडीचं तोंडही न पाहिलेली वाइन त्या नावाने विकली जाऊ लागली. फिलॉक्सेरानंतरच्या टंचाईत फ्रान्सला खोट्या वाइनची सवयच लागली होती. आयात केलेले बेदाणे भिजवून, साखर-पाणी घालून पिंपं भरली जात. मग बाजार कोसळला आणि १९०७ मध्ये दक्षिणेतले द्राक्ष उत्पादक लाखोंनी रस्त्यावर आले. नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. १९१९ च्या कायद्याने गावाच्या नावासाठी कोर्टात जायची वाट मोकळी झाली. पण त्या कायद्यात एक मोठं भोक होतं. नाव जमिनीशी बांधलं गेलं, जमिनीत काय पिकवायचं आणि कसं, यावर बंधन नव्हतं. टेकडीवरच्या माणसाने काहीही पिकवून तेच नाव लावलं तरी चालत होतं.

तर आज तुम्ही गावच्या चारचौघांबरोबर शातो फोर्तिया या इस्टेटीच्या दारात उभे आहात. घरमालक तेहतीस वर्षांचा आहे. बॅरन पियेर ल रुआ, महायुद्धात लढाऊ विमान चालवलेला आणि कायदा शिकलेला. या गावचा नाही. लग्न होऊन घरजावयासारखा फोर्तियात आलाय. तुमचं म्हणणं सरळ आहे: तुम्ही वकील, आमच्या नावावर डल्ला मारणाऱ्यांना कोर्टात खेचा.

तो हो म्हणतो, पण अट घालतो. चोरांच्या मागे लागण्याआधी तुम्ही स्वतःला दावं लावून घ्या. आपलीच वाइन कशीही असेल तर कोर्टापुढे कशाच्या जोरावर उभं राहायचं?

आता तुम्ही काय म्हणता? तुमच्या दोन जमिनी आहेत. एक वरच्या गोट्यांच्या पठारावर, जिथे कुदळ दगडावर ठणाणते आणि पीक बोटांवर मोजण्याएवढं येतं. दुसरी खाली, ओलसर आणि कसदार, तिप्पट घड देणारी. ही दुसरी जमीन नावाबाहेर जाणार, हे तुम्हाला अट ऐकतानाच कळलंय. घरी गेल्यावर बायको काय म्हणेल, हेही कळलंय.

तुम्ही मान डोलावता. सगळेच डोलावत नाहीत. पुढची काही वर्षं गावात काहीजण एकमेकांकडे बघायचं टाळतात.

१९२९ : रोपटी

शेजारच्या ओरांजच्या कोर्टात गावाच्या नावासाठी चाललेल्या दाव्यापायी शिवार तपासून हद्द आखली जाते आहे. तुम्ही वाटाड्या. हद्दीची खूण काय, तर रोपटी. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम रानटी उगवतात ती जमीन आत. ही दोन्ही झुडपं हाल सोसणारी. कोरड्या, निचऱ्याच्या, भिकार जमिनीत खूश. जमीन इतकी गरीब असेल तर वेलाला मुळं खोल न्यावी लागतात, घड थोडे लागतात आणि रस दाट होतो. वाका, चिमूटभर थाइम बोटांत चुरगळा. त्या वासापर्यंत तुमचं नाव. पुढे उतार संपून गवत लुसलुशीत होतं आणि वास थांबतो. खांब तिथे ठोकतात. तुमची खालची जमीन पलीकडे राहते.

निकाल बाजूने लागतो. वरच्या कोर्टांतून फिरत १९३३ मध्ये तो अखेरचा कायम होतो. शातोनफबरोबर कूर्तेझों, ओरांज, बेदारीद आणि सोर्ग या शेजारच्या गावांच्या शिवारातले तुकडेही आत येतात. सगळं मिळून आजच्या घडीला सुमारे ३,२०० हेक्टर.

आणि जमीन मिळाली म्हणून नाव मिळत नाही. अटींची यादी वाचा. तेरा जाती, त्यांच्याबाहेरची एकही नाही: ग्रनाश, सिरा, मूर्व्हेद्र, सँसो आणि त्यांच्या मागे कूनवाझ, वाकारेझ, म्यूस्कार्दें अशी नावं, जी शेजारच्या जिल्ह्यालाही नीट माहीत नाहीत. काही पांढऱ्या जातीही यादीत आहेत आणि त्या तांबड्या वाइनमध्ये मिसळायला मुभा आहे. छाटणी ठरल्या पद्धतीची. वाइन तांबडी किंवा पांढरी. गुलाबी नाही, जरी नदीपलीकडचं ताव्हेल गुलाबीवरच जगत असलं तरी. अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, आणि तेही द्राक्षाच्या स्वतःच्या साखरेतून; वरून साखर घालायची नाही. या शेवटच्या अटीत बाकीच्या बऱ्याच गुंडाळलेल्या आहेत. ज्याने वेलावर घडांची गर्दी केली, ज्याने कच्चं तोडलं, ज्याने ओलसर जमिनीत लावलं, त्याचा रस साडेबाराला पोचतच नाही. इन्स्पेक्टरला बागेत जायची गरज नाही, पिंपात नळी बुडवली की पुरे.

१९३६ : बादली

१५ मे १९३६. फ्रान्स सरकारने काही मोजक्या नावांना नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा दिला, त्या पहिल्या खेपेत शातोनफ-द्यु-पाप आहे. आदल्या वर्षी त्यासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली. या गावाने स्वतःला लावलेलं दावं आता देशभराचा नमुना होतंय. बॅरन ल रुआ पुढे त्या समितीतून घडलेल्या संस्थेचा वीस वर्षं अध्यक्ष असेल.

तुम्हाला या राजकारणाशी आज कर्तव्य नाही. सप्टेंबर आहे, तोडणी चालू आहे. कंबर वाकलेली, गोट्यांवर पाय मुरगळतोय, मधमाश्या मनगटाभोवती घोंघावताहेत. हातात आखूड वाकडी सुरी, शेजारी दोन बादल्या. कशाला दोन? कारण तोडलेल्या मालातला किमान पाच टक्के बाजूला काढायचा, असा नियम आहे. कितीही चांगलं साल असो.

हा घड घ्या. वरून काळाभोर, टपोरा. उलटा करा. आतल्या बाजूला, जिथे दोन खांद्यांचे मणी एकमेकांवर दाबले गेलेत, तिथे तीन मणी फुटलेत आणि त्यावर राखेसारखी बुरशी. सुरीच्या टोकाने तेवढे मणी उडवा, उरलेला घड पहिल्या बादलीत. हा दुसरा बघा: खालचं टोक अजून लालसर, मणी दाबला तर टणक. ही दुसऱ्या बादलीची भरती. यातून घरच्या मजुरांसाठी हलकी वाइन होईल. नाव मात्र लागणार नाही. यंत्र ही निवड करू शकत नाही, म्हणून आजही इथे तोडणी हातानेच करावी लागते.

हिशेब मांडा. हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे ३,५०० लिटर, ही मर्यादा. एका वेलामागे जेमतेम लिटरभर. एकरी हिशेबात दोन टनांच्या आसपास द्राक्ष. नाशिकला खायच्या द्राक्षांचा बागायतदार एकरी दहा टन काढतो आणि त्याला त्यात विशेष काही वाटत नाही. इथे माणसाला पिकवलेलं कमी करायचे पैसे मिळतात.

१९४४ आणि १९५४ : दोन बातम्या

इथे फार थांबायला नको. ऑगस्ट १९४४: माघार घेणारं जर्मन सैन्य पोपच्या किल्ल्याचा बुरूज सुरुंगाने उडवतं. अर्धा कोसळतो, दक्षिणेची भिंत उभी राहते. तुम्ही चुना वाहिलेला भाग कुठला होता, हे आता सांगता येणार नाही.

ऑक्टोबर १९५४: फ्रान्सभर लोकांना आकाशात उडत्या तबकड्या दिसताहेत. महापौर ल्युसियाँ झन हुकूम काढतात की, उडत्या तबकड्या किंवा उडते सिगार, मग ते कोणत्याही देशाचे असोत, गावाच्या हद्दीवरून उडणार नाहीत, उतरणार नाहीत, उड्डाण करणार नाहीत. उतरलेच तर तत्काळ जप्त. गावकरी हसतात, वर्तमानपत्रं उचलून धरतात, फुकटची जाहिरात होते. हुकूम अजून रद्द झालेला नाही. ज्या गावाने तीस वर्षं वेलाची फांदीन् फांदी कलमांत बसवली, त्याने आकाशालाही नियम लावावा यात नवल नाही.

२०१९ पासून पुढे : बी

२८ जून २०१९. इथून जवळच्या कार्पांत्रात पारा ४४ अंशांच्या पुढे गेलाय. नैर्ऋत्येला, एरो जिल्ह्यात, ४६. त्या पट्ट्यात काही बागांची पानं फुंकणीने भाजल्यासारखी करपली आहेत. पठारावरच्या गोट्याला हात लावू नका. जी ऊब सातशे वर्षं वरदान होती, ती आता रात्रीही वेलाला श्वास घेऊ देत नाही.

ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात, उजाडताना, ग्रनाशच्या ओळीत या. एक मणी तोडा, रसाचा थेंब मोजयंत्राच्या काचेवर पिळा आणि ते डोळ्याला लावा. साखर इतकी चढली आहे की आज तोडलं तरी अल्कोहोल साडेचौदाच्या घरात. म्हणजे पिकलं? आता त्याच मण्यातली बी चावा. हिरवट, कडू, जीभ आवळणारी. पिकलेली बी तपकिरी असते, दाताखाली कटकन फुटते. साखर पिकली, बी राहिली. बी पिकायची वाट पाहिली तर वाइन सोळाकडे जाईल, जड आणि जळजळीत. यादी काढून बघा: किमान साडेबारा, असं लिहिलंय. कमाल किती, ते लिहिलेलं नाही. १९२३ मध्ये द्राक्ष जास्त पिकेल ही भीती कुणालाच नव्हती.

इथे जुन्या नियमावर हसण्याचा मोह होतो. थांबा, चार ओळी पलीकडे चला. हे कूनवाझ. उशिरा पिकतं, साखर बेताची, आंबटपणा टिकवून धरतं. पन्नास वर्षं बऱ्याच जणांनी याला कानाकोपऱ्यात ठेवलं, कारण ग्रनाश भरवशाचं आणि भाव त्याला. आता लोक हेच शोधत येताहेत. वाकारेझ आणि पांढरं क्लेरेतही. नवी परवानगी कुणाकडे मागावी लागली नाही, नावं यादीत होतीच. जे गावात प्रत्यक्ष उभं होतं ते सगळं यादीत घ्यायचं, एकाच जातीची मक्तेदारी करायची नाही, या जुन्या समंजसपणाचं व्याज नातवंडांना मिळतंय.

पाण्याचं मात्र तसं नाही. या नावाच्या वेलाला पाणी देणं मुळात मना आहे. दुष्काळी सालात खास मंजुरी घेऊनच देता येतं. जुलै जसजसा तापतोय, तसतशी ही मुभा सैल करावी अशी मागणी वाढणार, हे उघड आहे. तुमच्या पुढ्यातही उद्या असा अर्ज येईल. कोवळ्या वेलाला पाणी न देता तो मरताना बघणं हे काही तत्त्व नव्हे. पण नळी एकदा आली की घड वाढतील, आणि मग पठार आणि नदीकाठ यांतला फरक फक्त खांबापुरता उरेल.

मला विचाराल तर सही जरूर करा, फक्त फोर्तियाच्या दारात घातलेली अट त्या अर्जालाही लावा. पाणी हवं असेल तर बदल्यात काय सोडणार, ते वरच्याच ओळीत लिहा: हेक्टरी आणखी किती लिटर कमी, कोणत्या वयाच्या वेलापुढे नळी बंद, कोणत्या तारखेनंतर थेंबही नाही. ज्या अर्जात ही ओळ कोरी असेल, तो दुसऱ्या बादलीत टाका.